मायच्या डबीतला चुना

नामदेव, तुझी फटफटी आता माझ्या ओसरीत उभी आहे. स्टँडवर, पुढचं चाक जरा डावीकडे वळवून, तू लावायचास तशी. माझी बायको येता-जाता तिला वळसा घालून जाते, जणू कुणी पाहुणा येऊन बसला आहे. मी रोज तिच्यासमोर उकिडवा बसतो आणि दोन्ही पायदानांच्या खाली वाकून बघतो. शेजारच्यांना वाटतं, हा रस्त्याचा ओवरसियर तेल गळतं का ते पाहतो.

तुझ्या तेरवीला लोक काय बोलले ते तुला सांगायला हवं, कारण बोलणं तुझ्याबद्दल होतं आणि उत्तर द्यायला तू नव्हतास. "वेगानं नेला," असं एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "ठिणग्या उडवत जाय तो. मी आपल्या डोयानं पाह्यलं. हे होणारच होतं." डॉक्टरांनी हृदय थांबलं म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पण जंगलातलं वळण, कपाळावरची खोक आणि बाजूला फटफटी, एवढं हाताशी आल्यावर डॉक्टरांचं कोण ऐकतो? तुला बैलगाडीत घालून मूल गावाला नेणारे दोघे गाडीवानही आले होते. एक म्हणाला फटफटी उभी होती, दुसरा म्हणाला आडवी. घाईत त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, आणि ते त्यांचं बरोबरच होतं. तुझ्याकडे पाहायचं सोडून त्यांनी गाडी कशाला पाहावी?

लोक काय, चार दिवस बोलतील. पण तुझ्या मायनेही तेच धरलं. ती रडली नाही, नामदेव. ती रागावली. "माह्यं ऐकलं असतं तं आज इथी जेवाले बसला असता. गाडीच्या नादानं गेला. त्या गाडीले रामाळ्याच्या तलावात नेऊन ढकला." रडणाऱ्या माणसाजवळ बसता येतं. तिच्याजवळ मला बसता येईना. सुमित्रावहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊजी, सासूबाई त्यायचं नाव घेत नाईत. नुसतं 'तो' म्हणतात." मी तुझ्या घरी लहानपणापासून जेवत आलो. तुझ्या घरात तुझं नाव बंद झालेलं मला सहन झालं नाही.

हे सगळं तुझ्या त्या मिशांमुळे झालं, आणि त्या मिशांमुळेच सुटलं. म्हणून आधी मिशांचं लिहितो.

युद्ध संपल्यावर लष्करी सामानाच्या लिलावातून तू ही फटफटी आणलीस तेव्हा मी तुला वेड्यात काढलं होतं. तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे तुझी नोकरी. मोसमात पानं गोळा करायच्या जागा बघत चांद्याहून मूल, मूलहून सावली, तिथून डोंग्यात फटफटी घालून वैनगंगेपार गडचिरोलीकडे, असं तुझं फिरणं. सायकलने ते होणार नव्हतं हे खरं. पण पहिल्याच महिन्यात एका वळणावर तुझं उजवं पायदान रस्त्याला टेकलं, मागचं चाक उचललं गेलं आणि तू काटेरी झुडपात जाऊन पडलास. ते पायदान म्हणजे सरळ बाहेर आलेला जाड लोखंडी दांडा, मुडपणारा नव्हे. तो टेकला की गाडी त्याच्यावरच उचलली जाते, आणि टेकेपर्यंत काही कळत नाही.

हाताला पट्टी बांधून तू माझ्याकडे आलास आणि विचारलंस, "मांजराले मिशा काऊन असतात?"

मी म्हटलं, "तू पडला तं डोक्यावर बी पडला का?"

"अबे, सांग ना. भोकात डोकं घालायच्या आधी मिशी लागते. मिशी अडली का मांजर मागं. मले अशी मिशी पाह्यजे."

लोहाराकडून तू दोन्ही पायदानांच्या टोकांना खालून भोकं पाडून घेतलीस आणि त्यांत एकेक बोल्ट बसवलास, डोकं खाली करून. पायदान टेकण्याआधी बोल्टचं डोकं रस्त्याला घासावं, आवाज यावा, तळव्याला थरथर जाणवावी, आणि आपण गाडी सरळ करावी. झिजला की बोल्ट बदलायचा.

मला ते आवडलं, पण तसं मी म्हटलं नाही. मी म्हटलं, "मोजून पाहू." गाडी अंगणात उभी केली, हँडलवरून ओळंबा सोडला, माझ्या पोराच्या शाळेच्या पेटीतलं कोनमापक घेतलं आणि तुला गाडी हळूहळू कलती करायला लावली. नुसतं पायदान पस्तीस अंशांच्या आसपास टेकत होतं. एक इंचाच्या बोल्टने ते तीन अंश आधी कळणार होतं.

"तीन अंश म्हणजे किती?" तू विचारलंस.

"घड्याळाचा मोठा काटा अर्ध्या मिनिटात सरकते तेवढे."

"तेवढ्यात काय होते?"

"काही नाई होत."

तू हसलास. "अर्ध्या मिनिटात माणूस मरू शकते ओवरसियर, तं वाचू बी शकते."

मग ती मिशी कधी लागते ते कान आणि पाय ओळखायला लागावेत म्हणून तू जटपुरा गेटजवळच्या डांबरी रस्त्यावर संध्याकाळी गोल गोल फिरायचास. आठवडाभर फिरलास. बोल्ट डांबरातल्या गिट्टीला घासला की ठिणग्या उडायच्या. तिन्हीसांजेला त्या फारच दिसायच्या. पोरं टाळ्या पिटायची, पानठेल्यावरची माणसं उठून उभी राहायची, आणि त्यातच एके दिवशी माय देवीच्या देवळातून परत येताना तिथून गेली. एवढंच झालं. सावधपणा शिकायला म्हणून जे केलंस त्यावरून आख्ख्या चांद्याने तुला उडाणटप्पू ठरवलं. तू कुणालाही समजावून सांगितलं नाहीस. मी म्हणायचो, सांग. तू म्हणायचास, "ज्याले ठिणग्या दिसल्या, त्याले बोल्ट नाई दिसणार."

इथे मी तुझ्याशी सहमत नव्हतो, अजूनही नाही. सांगायला हवं होतंस. निदान मायला.

मिशीवरून आपले वाद किती झाले! मी म्हणायचो, मिशी फक्त गाडी किती झुकली ते सांगते, रस्त्याची पकड किती आहे ते सांगत नाही. डांबर सुटून मुरमाचा रस्ता लागला की बोल्ट टेकायच्या कितीतरी आधी चाक सरकेल. तू ते हसण्यावारी नेलंस आणि सावलीच्या पुढे मुरमावर सरकलासही, बोल्ट घासायच्या आधीच. दुसऱ्या दिवशी सोललेला गुडघा घेऊन माझ्याकडे आलास आणि दारातूनच म्हणालास, "मुरमापुरतं तुह्यं खरं." माझ्या ओळखीत इतक्या लवकर आणि इतक्या कमी शब्दांत चूक कबूल करणारा दुसरा माणूस नाही. त्यानंतर तू मुरमावर, सागाच्या वाळल्या पानांवर आणि चैत्रात मोहफुलांचा सडा पडलेला असला की त्यावर, गाडी जवळजवळ उभीच ठेवून वळायचास. मोहाचं झाड दिसलं की गियर उतरवायचास. मागे बसलेल्या मला आधी वास यायचा, मग गाडी मंदावायची, मग फुलं दिसायची.

पण दुसरा वाद मिटला नाही. मी मागे बसलो की मिशी लवकर लागायची. मूलच्या अलीकडे, जंगलातल्या डांबरी वळणावर, पहिल्यांदा तो खर्रकन आवाज झाला तेव्हा मी तुझी कंबर दोन्ही हातांनी आवळली होती. तू वळण संपवून गाडी थांबवलीस.

"तू काऊन सरळ बसून राह्यला?"

"पडू नये म्हणून."

"म्हणजे मी झुकतो अन् तू ओळंबा! तू आपला वाटा झुकत नाई, तं गाडीले तुह्या वाटणीचं झुकावं लागते. म्हणून घासली."

मी म्हटलं, तसं नाही. माझं वजन आहे. मागचा टायर दबतो, पुढची स्प्रिंग बसते, पायदान खाली येतं. तू म्हणालास, एक काम करू. तुझ्या वजनाचं धानाचं पोतं मागे बांधतो आणि ह्याच वळणावरून ह्याच वेगाने जातो. पोतं काही सरळ बसायचा हट्ट करत नाही, गाडीबरोबर झुकतं. तरीही मिशी लागली तर वजनाचा दोष, नाही लागली तर तुझ्या बसण्याचा. "पोतं तुह्यापेक्षा शहाणं निघालं तं रागावशील नाई ना?"

प्रयोग चोख होता. मला त्यात एकही खोट काढता आली नाही. तो आपण सुगीनंतर करायचा ठरवला, मग लग्नसराईनंतर, मग पुढे. तू गेलास म्हणून मी हा वाद सोडून दिला असं मी इथे लिहिणार नाही. ते खोटं होईल आणि तुला आवडणारही नाही. वाद आहे तिथेच आहे.

तरी मी झुकायला शिकलो. वाद एकीकडे आणि तुझ्या पाठीमागे बसणं एकीकडे. तू उजवीकडे वळताना मी तुझ्या उजव्या खांद्यावरून पुढे बघायचं, अंग सैल सोडायचं, गाडीला अंग द्यायचं. रस्त्याच्या वळणाला बाहेरची कड किती उचलायची ते मी वर्षानुवर्षं कोष्टकातून काढत आलो. कोष्टक बरोबरच असतं. पण ते अंगाला कसं लागतं ते तुझ्यामागे बसून कळलं. त्याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. माझी बायको एकदा म्हणाली, "तुम्ही नामदेवभाऊच्या मागं बसून आले का जेवताना जास्त बोलता." हेसुद्धा तुला सांगायचं राहिलं. आता सांगतो.

आता चुन्याचं.

बोल्ट घासल्याचा आवाज दर वेळी ऐकू येईलच असं नाही, वाऱ्यात, इंजिनाच्या धडधडीत चुकतो, हे तुझ्या लक्षात आलं होतं. म्हणून सकाळी निघताना तू दोन्ही बोल्टांच्या डोक्यांना चुन्याचं बोट लावायचास. वाळला की पक्का बसायचा. संध्याकाळी घरी आलास की वाकून पाहायचास. जिथे पुसला असेल तिथे त्या दिवशी गाडी हद्दीपर्यंत झुकली. गेटजवळच्या त्या आठवड्यानंतर तुझा नियम एकच होता: चुना शाबूत घरी आणायचा.

चुना तू मायकडून घ्यायचास. मायला वाटायचं, तंबाखूसाठी. पळसाच्या पानाच्या तुकड्यावर ती आपल्या पानाच्या डबीतून चुना काढून द्यायची आणि देताना रोज तोंडाचा पट्टा चालवायची, "दात पडले तरी सोडणार नाई मेला. घे, खा, मर." तू मान खाली घालून घ्यायचास. तंबाखू तू दोन वर्षांपूर्वीच सोडली होतीस. मी तुला म्हटलं, अरे, खरं सांग की तिला. तू म्हणालास, "काय सांगू? गाडी पडाले किती उरली ते मोजाले चुना पाह्यजे म्हणून? ती मले गाडीवर बसू देईल? तंबाखूच्या शिव्या बऱ्या. त्याची सवय हाय." आणि माझ्याकडून वचन घेतलंस.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका गाडीवानाला घेऊन त्या वळणावर गेलो. कुणीतरी फटफटी रस्त्यातून बाजूला घेऊन मोहाच्या झाडाला टेकवली होती. खाली फुलांचा थर होता, आणि मैलाच्या दगडाला, जिथे तू टेकून बसला होतास आणि जिथून कलंडलास, तिथे तुझ्या कपाळाच्या रक्ताचा डाग अजून होता. मी त्याच्याकडे फार वेळ पाहू शकलो नाही. वाकलो आणि डावा बोल्ट पाहिला. रस्त्याची धूळ बसली होती, फुंकर मारली. खाली चुना होता, सगळा. मग उजवा पाहिला. तोही तसाच.

तुला माहीत आहे, मी एकदा पाहून विश्वास ठेवत नाही. पुन्हा डावा पाहिला, पुन्हा उजवा. फटफटी पडली की आधी टेकतो तो पायदानाचा खालचा बोल्ट. ती त्या दिवशी डावीकडे पडली नव्हती, उजवीकडे पडली नव्हती, हद्दीपर्यंत झुकलीही नव्हती. तुला छातीत कळ आली असेल. तू गियर उतरवलास, कड धरलीस, गाडी स्टँडवर लावलीस आणि दगडाला टेकून बसलास. शेवटच्या घटकेलाही तू गाडी नीट उभी केलीस. त्या मोहाखाली मला रडू आलं, पण त्यात निम्मं समाधान होतं. ते का, हे दुसऱ्या कुणाला समजावून सांगायला मला वेळ लागेल. तुला लागणार नाही.

परत आणायला बांबूचा ट्रक मिळाला. मी फटफटी आडवी टाकू दिली नाही. दोन्ही बोल्टांना रुमाल बांधले आणि चांद्यापर्यंत तिला धरून उभा राहिलो. ट्रकवाला म्हणाला, "साहेब, आडवी टाका ना, बसा आरामात. तिले आता काय होते?" मी म्हटलं, "तिले नाई, दुसऱ्याले होते." 

तेरवीपर्यंत मी गप्प राहिलो, कारण वचन होतं. तेरवीला लोकांचं ते बोलणं ऐकलं, मायचा चेहरा पाहिला आणि ठरवलं की हे वचन इथवरच. परवा सकाळी फटफटी ढकलत तुझ्या अंगणात नेली.

माय ओसरीत पान लावत बसली होती. गाडी बघताच म्हणाली, "इथी काऊन आणली? तयात ढकल म्हटलं होतं ना तुले?"

"ढकलतो माय. आधी एक पाह्य."

"मले नाई पाह्यचं काही."

सुमित्रावहिनींनी एका बाजूने हँडल धरलं, मी दुसऱ्या बाजूने. रुमाल सोडले. मी म्हटलं, "माय, गाडी पडली तं जमिनीले आधी काय लागन, ते फक्त सांग." आणि आम्ही दोघांनी ती डावीकडे कलती करत नेली, अगदी हळू, बोल्ट आणि जमीन यांच्यात बोटभर फट राहीपर्यंत. माय मान वळवून बसली होती. पण कानाने पाहत होती. शेवटी तिने तिरप्या नजरेने खाली बघितलं.

"ते काय हाय पांढरं?"

"चुना."

"चुना कायले?"

मी सांगितलं. अंश-बिंश काही नाही. एवढंच, की गाडी जास्त झुकली का हा पुसते, न पुसता घरी आला का माणूस सांभाळून आला. त्या दिवशीचा हा चुना आहे. वहिनींचा हात भरून आला असावा, गाडी जराशी खाली गेली, आणि ओसरीतून माय ओरडली, "अवं, सांभाळ! पुसशील नं त्याले!"

आम्ही गाडी सरळ केली. माय उठली. खाली बसायला तिला त्रास होतो, तरी बसली. हातातली डबी उघडून बोल्टच्या शेजारी धरली. तिच्या डबीतला चुना कधी पांढराशुभ्र नसतो हे तुलाही माहीत आहे. कात आणि चुना ती एकाच बोटाने घेते, म्हणून त्याला फिकट लाली असते. बोल्टवरच्यालाही ती होती.

"हा तं माह्या डबीतला हाय."

"हो माय. त्या दिवशी सकाळी तूच देल्ला."

"मंग तंबाखू?"

"दोन वर्षं झाले सोडून."

 तिने बोल्टला बोट लावलं नाही, नुसतं जवळ नेलं. "मंग मी रोज शिव्या कायच्या देत होती?" आणि मग, इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, "नामा, मेल्या, सांगतलं काऊन नाई रे मले?" म्हणून ती रडायला लागली. वहिनी तिच्याजवळ बसल्या. मीही बसलो. तिच्याजवळ आता बसता येत होतं.

मी तुझे आभार कसे मानावेत, नामदेव? तू त्या सकाळी घाईत होतास, ऊन चढायच्या आत सावली गाव गाठायचं होतं असं वहिनी सांगतात. चुना लावायचं राहून गेलं असतं तर मला तुझ्यासाठी दोन शब्द बोलता आले नसते. माझ्या शब्दाला वजन आहे असं लोक म्हणतात, पण आईच्या रागापुढे ते कशाला पुरलं असतं? तू स्वतःची साक्ष स्वतः लिहून गेलास, मायच्याच हातच्या चुन्याने.

निघताना मायने मला थांबवलं. "ही आता तूच ने. चालवता येते का?"

"नाई. मागं बसता येते."

"तं शिक. मागं बसून बसून जलम काढशील काय?" डबीत बोट घालून तिने जुन्या चुन्यावरच नवा चुना लावला, आधी डावीकडे, मग उजवीकडे. "अन् परत आला का आधी मले दाखवजो."

पोत्याचा प्रयोग मी एकट्याने करणार नाही. चालवणारा तू नसशील तर वेग तोच राहणार नाही, आणि आलेल्या उत्तरावर माझा विश्वास बसणार नाही. तो वाद तसाच राहू दे. मागची सीटही रिकामी राहू दे.

काल मात्र मी फटफटी गेटपर्यंत नेऊन परत आणली, पहिल्या गियरमध्ये, बैलगाडीच्या मागोमाग. गेटजवळच्या वळणावर मी अंग सैल सोडलं, तुझ्या खांद्यावरून बघायचो तसं पुढे बघितलं, आणि ती थोडीशी झुकली. चार-पाच अंश असतील. मोजायला कुणी नव्हतं.

माय दारातच उभी होती. वाकून तिने डावा पाहिला, उजवा पाहिला, उजव्यापाशी थांबली.

"हा पुसला हाय जरासा."

"उतरताना माह्या पायजम्याचा लागला असन माय."

"चूप," माय म्हणाली. "तुम्ही दोघं बी सारखेच." आणि आत डबी आणायला गेली.